सेनिओ नदीवरचा निरोप्या : मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला नेमकं काय केलं?

विशेष माहिती | प्रतिनिधी, यवतमाळ

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर भारतीय फौजेतल्या सहा जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या काळचं शौर्याचं हे सर्वात मोठं पदक. या सहापैकी दोघं मराठा लाइट इन्फंट्रीचे मराठी गडी होते. एक कोकणातले नाईक यशवंत घाडगे आणि दुसरे नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव.

आजची माहिती नामदेव जाधव यांच्याबद्दल आहे. त्याचं कारण असं, की त्यांचं नेमून दिलेलं काम हल्ला करण्याचं नव्हतं. ते कंपनीचे ‘रनर’ होते, म्हणजे निरोप पोचवणारा जवान. हातात तोफ नाही, खांद्यावर हुद्द्याची पट्टी नाही. कंपनी कमांडरच्या मागं राहायचं आणि सांगितलेला निरोप गोळीबारातून दुसरीकडं न्यायचा, एवढंच काम. अशा माणसानं त्या संध्याकाळी दोन कंपन्यांचा अडलेला रस्ता मोकळा केला.

दुसरं कारण म्हणजे मोबाईलवर फिरणारे मेसेज. घाडगे आणि जाधव यांची गोष्ट त्यात एकमेकांत मिसळून टाकलेली असते. कोणी नदीची लढाई घाडग्यांच्या नावावर टाकतो, कोणी जाधवांना तिथंच शहीद करून टाकतो. म्हणून सरकारी गॅझेटमध्ये पदकासोबत जी हकिकत छापली गेली, तिच्या आधारानं हा सगळा प्रसंग क्रमानं पाहू.

थोडक्यात ओळख

• नाव : नामदेव जाधव
• जन्म : १८ नोव्हेंबर १९२१
• गाव : निमज, तालुका संगमनेर, जुना अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा
• पलटण : पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण
• काम : कंपनी रनर
• पराक्रमाचा दिवस : ९ एप्रिल १९४५, संध्याकाळ
• ठिकाण : सेनिओ नदी, सान पोलितो गावाच्या उत्तरेला, इटली
• त्या वेळी वय : २३ वर्षं
• पदक : व्हिक्टोरिया क्रॉस, जून १९४५ मध्ये जाहीर
• निधन : २ ऑगस्ट १९८४

निरोप पोचवणारा जवान लढाईत कशाला लागतो?

लढाई म्हटली की आपल्याला तोफ, रणगाडा आणि बंदूक आठवते. पण तोफ जिथं उभी असते, तिथून तिला शत्रू दिसतच नाही, ही गोष्ट कोणी सांगत नाही.

त्या युद्धातली आपल्या बाजूची नेहमीची तोफ होती ‘२५ पाउंडर’. साडेअकरा किलोच्या आसपास वजनाचा गोळा ती बारा किलोमीटरपर्यंत फेकायची. आता बारा किलोमीटर म्हणजे दोन-तीन गावं ओलांडून पलीकडं. तोफेवरच्या गड्यांना दिसणार काय? म्हणून तोफखान्याचा एक अधिकारी पायदळासोबत अगदी पुढं जायचा. गोळा कुठं पडला, किती डावीकडं गेला, किती अलीकडं पडला, हे तो बघायचा. आणि त्याच्याजवळ असायचा सिग्नलर.

सिग्नलरकडं टेलिफोन आणि तारेचं रीळ असायचं, नाहीतर पाठीवर वायरलेस सेट. अधिकारी जे सांगेल ते आकडे तो मागं तोफेपर्यंत पोचवायचा. तो निरोप पोचला तरच पुढचा गोळा बरोबर जागी पडणार. चुकीचा पोचला तर आपल्याच माणसांच्या डोक्यावर पडणार.

ही टेलिफोनची तार जमिनीवर नुसती अंथरलेली असायची. गोळा पडला की तुटली, गाडी वरून गेली की तुटली. मग सिग्नलर उठायचा. अंधारात तार हातात धरायची, बोटांतून सरकवत तुटलेल्या टोकापर्यंत जायचं, दुसरं टोक चाचपून शोधायचं, सोलायचं, पीळ मारून बांधायचं आणि लाईन चालू झाली का ते तपासायचं. तेवढ्यात दुसरीकडं तुटली, तर पुन्हा निघायचं. बाकीचे खंदकात डोकं खाली घालून बसलेले असताना या माणसाला मात्र उघड्यावर फिरावं लागायचं. मिलिटरी मेडलच्या कितीतरी नोंदी अशाच तार जोडणाऱ्यांच्या आहेत.

आपण शेतकरी माणसं. रात्री मोटरची लाईन गेली की बॅटरी घेऊन पाण्याचिखलातून फॉल्ट शोधत जाणं काय असतं ते आपल्याला सांगायची गरज नाही. त्यात वरून गोळे पडताहेत असं समजा, म्हणजे कल्पना येईल.

पायदळात हीच साखळी होती. पण नदी ओलांडताना तार मागं राहते, वायरलेस सेट पाण्यात भिजतो, सेटवाला जवान पडतो. सगळं बंद पडलं की शेवटचं साधन उरतं ते माणसाचे पाय. तो माणूस म्हणजे रनर. पुरात गावाचं नेटवर्क आणि वीज दोन्ही गेली की तलाठ्याकडं धावत कोणालातरी पाठवावंच लागतं, तसं.

म्हणून रनर निवडताना चपळ आणि डोकं शांत ठेवणारा गडी निवडायचे. त्याला निरोप तोंडपाठ ठेवावा लागे, आणि कोणती तुकडी कुठं आहे, परतीची वाट कोणती, शत्रू कुठून मारतोय, हेही ध्यानात ठेवावं लागे. पुढं जे घडलं ते समजायला ही गोष्ट महत्त्वाची आहे.

मराठे इटलीत कसे पोचले?

त्या वेळी आपण इंग्रजांच्या राज्यात होतो आणि इंग्रजांची फौज जर्मनीविरुद्ध लढत होती. भारतीय फौजेच्या तीन डिव्हिजन इटलीत लढल्या : चौथी, आठवी आणि दहावी. सुमारे ५० हजार भारतीय जवान तिथं होते. त्यातले पाच हजार सातशेहून अधिक परत आले नाहीत.

नामदेव जाधव यांची पलटण आठव्या डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या दक्षिण टोकाला, तारांतो बंदरात उतरली. तिथून ती लढत लढत उत्तरेकडं सरकत गेली. सांग्रो नदी, मग मे १९४४ मध्ये कासिनोजवळची लढाई, मग डोंगर, मग परत नद्या. इटलीच्या मधोमध डोंगराची रांग आहे आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना नद्या वाहतात. जर्मन फौज एका नदीच्या आडोशाला थांबायची, मार पडला की मागं सरकून पुढच्या नदीवर थांबायची. आपल्या जवानांना एक नदी ओलांडली की पुढं दुसरी तयारच असायची.

पलटणीचं नाव ‘१/५’ असं लिहितात. त्याचा अर्थ पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण. ही पलटण १७६८ मधली आहे आणि आजही ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचं मुख्य केंद्र बेळगावला आहे.

सेनिओ नदी : पाणी थोडं, बांध मोठे

१९४४-४५ चा हिवाळा दोन्ही फौजांनी सेनिओ नदीच्या आसपास काढला. उत्तर इटलीतल्या सपाट, शेतीच्या मुलखातून ही नदी जाते. पाणी म्हणाल तर फार नाही. गॅझेटमधल्या वर्णनानुसार त्या जागी पात्र सुमारे १५ फूट रुंद आणि पाणी ४ ते ५ फूट खोल. आपल्याकडच्या एखाद्या नाल्याएवढंच. पण पुराचं पाणी शेतात शिरू नये म्हणून दोन्ही काठांना बांध घातलेले. हे बांध ३० ते ३५ फूट उंच आणि चढायला एकदम खडे. तीन मजली घराएवढी मातीची भिंत समजा, एक या काठाला आणि एक त्या काठाला.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळा प्रसंग या बांधांवरच आहे.

आपली फौज पूर्वेकडून आलेली होती. पूर्वेच्या बांधाच्या बाहेरच्या उतारापर्यंत आपले जवान पोचत होते. पण त्याच बांधाच्या आतल्या उतारावर, नदीच्या बाजूला, जर्मन लोकांनी पोखरून बिळं केलेली होती. उंदरानं धुरा पोखरावा तसा बांध पोखरलेला. पश्चिमेच्या बांधातही तीच गत. शिवाय पूर्वेच्या बांधाच्या आतल्या अंगाला, जर्मन मोर्चांच्या वरच्या बाजूला, भूसुरुंगांचा पट्टा पेरलेला.

म्हणजे एकाच बांधाच्या एका अंगाला आपण आणि दुसऱ्या अंगाला शत्रू. बांध चढून नदीत उतरणाऱ्या जवानावर समोरूनही गोळी येणार आणि तो पुढं गेला की पाठीमागूनही येणार.

९ एप्रिल १९४५ : दुपार ते संध्याकाळ

वसंत ऋतू लागला, जमीन वाळली आणि मोठ्या हल्ल्याचा दिवस ठरला ९ एप्रिल. दुपारी आठशेहून अधिक बॉम्बफेकी विमानांनी जर्मन ठाण्यांवर बॉम्ब टाकले. मग तोफखाना सुरू झाला. तोफांचा मारा व्हायचा, थांबायचा, परत व्हायचा. प्रत्येक वेळी थांबला की जर्मनांना वाटायचं आता पायदळ येणार. ते बिळातून बाहेर मोर्चावर यायचे, आणि परत गोळे पडायचे. संध्याकाळी शेवटचा मारा थांबला तेव्हा विमानं नुसती डोक्यावरून खाली झेपावून गेली, बॉम्ब न टाकता. जर्मनांनी डोकी खाली ठेवावीत एवढाच हेतू. बांधांवर आगीचे फवारे मारणाऱ्या गाड्याही वापरल्या गेल्या.

ही सगळी वेळापत्रकाची कामं होती. कोणती तोफ किती वाजता कुठं मारणार, कधी थांबणार, पायदळ कोणत्या मिनिटाला उठणार, हे आधी ठरलेलं आणि टेलिफोन-वायरलेसवरून जुळवलेलं. सिग्नलवाल्यांची साखळी नसेल तर असा हल्ला होऊच शकत नाही.

सान पोलितोच्या उत्तरेला मराठा पलटणीच्या एका कंपनीनं पूर्वेच्या बांधावर हल्ला चढवला. तीन मिनिटांनी दुसऱ्या कंपनीनं तिच्यातून पुढं निघायचं, नदी ओलांडायची आणि पश्चिमेचा बांध घ्यायचा, असा बेत होता. नामदेव जाधव या दुसऱ्या कंपनीत होते. कंपनी कमांडरसोबत, सगळ्यात पुढच्या तुकडीच्या मागोमाग.

त्या संध्याकाळी काय घडलं, क्रमानं

एक. ही मंडळी बांध उतरली, छातीएवढ्या पाण्यातून चालत पश्चिम काठाला निघाली. तेवढ्यात पाठीमागून मशीनगन सुरू झाल्या. पूर्वेच्या बांधाच्या आतल्या अंगाला कमीत कमी तीन जर्मन मोर्चे अजून जिवंत होते. विमानं झाली, तोफा झाल्या, तरी बिळातले लोक शाबूत होते. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. त्या टोळीतले बाकी सगळे मारले गेले. अंगावर जखम नसलेला एकच माणूस उरला, तो म्हणजे रनर.

दोन. नामदेव जाधव यांनी एका जखमीला उचललं. खोल पाण्यातून त्याला घेऊन परत पूर्व काठाला आले, तो खडा बांध चढले, सुरुंगाच्या पट्ट्यातून वाट काढली आणि त्याला सुरक्षित जागी पोचवलं. वरून मॉर्टरचे गोळे आणि मशीनगनच्या गोळ्या चालूच होत्या.

तीन. ते परत गेले आणि दुसऱ्या जखमीला तसंच घेऊन आले. तोच बांध, तेच पाणी, तेच सुरुंग. दुसऱ्यांदा.

इथं थांबून विचार करा. या घडीला त्यांचं कर्तव्य पूर्ण झालं होतं. दोन जीव वाचवले होते आणि ते स्वतः सुखरूप बांधाच्या अलीकडं होते. तिथंच थांबले असते तरी कोणी नाव ठेवलं नसतं.

चार. पण कंपन्या अडकून पडल्या होत्या आणि अडवणारे ते तीन मोर्चे तसेच होते. नामदेव जाधव तिसऱ्यांदा त्या उघड्या बांधावर गेले. या वेळी आणायला नाही, मारायला. सगळ्यात जवळच्या मोर्चावर ते सरळ धावून गेले आणि टॉमीगननं तो गप्प केला.

पाच. त्यांच्या हाताला गोळी लागली. बंदूक चालवता येईना. त्यांनी टॉमीगन फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. त्या हातबॉम्बवर एकामागून एक आणखी दोन मोर्चे संपवले. मध्ये बॉम्ब संपले, तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर आले, पलीकडच्या उतारावर थांबलेल्या साथीदारांकडून नवे बॉम्ब घेतले आणि परत खाली गेले.

सहा. पूर्वेच्या बांधावरच्या मशीनगन थंडावल्या. मॉर्टर मात्र चालूच होते. तशात हे बांधाच्या माथ्यावर उभे राहिले, अगदी उघड्यावर. पलटणीची आरोळी दिली आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना नदी ओलांडायला बोलावलं. मराठा पलटणीची आरोळी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे : ‘बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय!’

मागचे जवान उठले आणि नदी पार झाले.

आता निरोप्याचं काम काय ते परत आठवा. पुढं काय परिस्थिती आहे ते पाहायचं आणि मागच्यांना कळवायचं. वाट मोकळी झाली हा त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा निरोप होता. तो नामदेव जाधव यांनी पोचवला. त्यासाठी आधी ती वाट त्यांना स्वतःलाच मोकळी करावी लागली, एवढंच. आणि ते तीन मोर्चे नेमके कुठं आहेत हे ध्यानात ठेवून परतलेला, अजून पायावर उभा असलेला माणूस त्या टोळीत तेवढाच एक होता. चौथी गोष्ट नुसती त्वेषाची नाही, डोकं शांत असल्याचीही आहे.

या एका माणसानं काय फरक पडला?

गॅझेटमध्ये दिलं आहे, की या शौर्यामुळं दोन कंपन्यांना नदीचे दोन्ही काठ पक्के धरता आले, तिथून पुढं फौजेची जागा वाढत गेली आणि शेवटी त्या भागातला जर्मनांचा विरोध कोसळला.

त्याच दिवशी याच सेनिओ नदीवर, फुसिन्यानो गावाजवळ, त्याच आठव्या डिव्हिजनच्या शिपाई अली हैदर यांनीही मोर्चे उद्ध्वस्त केले. ते तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सचे. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक संगमनेरचा हिंदू गडी, एक सरहद्दीकडचा मुसलमान गडी. एक नदी, एक संध्याकाळ, एक फौज. दोन वर्षांनी देशाची फाळणी झाली आणि पलटणीही वाटल्या गेल्या.

सेनिओनंतर सांतेर्नो नदी, मग पो नदी, असं करत फौज पुढं गेली. २ मे १९४५ ला इटलीतल्या जर्मन फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. म्हणजे त्या संध्याकाळनंतर जेमतेम तीन आठवड्यांनी.

व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे काय?

हे पदक १८५६ मध्ये सुरू झालं. साधं ब्राँझचं, क्रॉसच्या आकाराचं, किरमिजी फितीचं. त्यावर शौर्यासाठी अशा अर्थाचे दोनच शब्द असतात. शिपाई असो की जनरल, पदक सारखंच. सुरुवातीला भारतीय जवानांना ते देत नव्हते. १९११ मध्ये तो नियम बदलला.

स्वतंत्र भारतात त्या जागी परमवीर चक्र आलं. २६ जानेवारी १९५० ला ते सुरू झालं आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू केलं गेलं.

घाडगे आणि जाधव : गल्लत करू नका

दोघंही १९२१ च्या नोव्हेंबरातले, दोघंही मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघांनाही इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस. म्हणून गोंधळ होतो. फरक असा :

• नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या पलटणीचे. गाव रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात. ते तुकडीचे नायक होते.
• त्यांची लढाई १० जुलै १९४४ ची, वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यातली. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीचे सगळे जवान पडले. ते एकटे मोर्चावर धावून गेले, हातबॉम्बनं मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदुकीत गोळ्या भरायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना मारलं. मग लपून बसलेल्या जर्मनांच्या गोळ्या लागून ते तिथंच वीरगतीला प्राप्त झाले. वय २२ वर्षं.
• माणगावला त्यांचा पुतळा आहे. इटलीतल्या मोंतोने गावात जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.
• नामदेव जाधव लढाईतून जिवंत परत आले, पुढं हवालदार झाले आणि १९८४ पर्यंत जगले.

दोघांचीही नावं लंडनच्या मेमोरियल गेट्सवर कोरलेली आहेत.

‘पण ते तर इंग्रजांचे सैनिक होते ना?’

हा प्रश्न गावात हमखास निघतो, आणि तो चुकीचा नाही. आपल्या विदर्भाला तर तो जास्तच लागू आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरला लोक ‘चले जाव’ म्हणत उठले आणि इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं शहीद झाली. त्याच वर्षांत त्याच सरकारच्या वर्दीत लाखो भारतीय तरुण जगभर लढत होते. महायुद्ध संपेपर्यंत भारतीय फौज सुमारे २५ लाखांवर गेली होती आणि यातले सगळे स्वेच्छेनं भरती झालेले होते.

स्वेच्छेनं म्हणजे काहून? कोणाच्या घरात पिढ्यानपिढ्या फौजेची चाल होती, कोणाला कोरडवाहू शेतीवर भागत नव्हतं, कोणाला महिन्याला मनीऑर्डर घरी पाठवायची होती. आजही आपल्या भागातलं पोरगं भरतीला पळतं तेव्हा त्यामागं देशप्रेम असतं आणि घरची अडचणही असते. दोन्ही खरं असतं.

सरकार कोणाचं होतं, युद्ध कोणाचं होतं, हा हिशेब इतिहास करेल. पण पाण्यात पडलेल्या जखमी साथीदाराला उचलून आणणारा माणूस कोणत्याही सरकारचा नसतो. त्या दोन जखमींना नामदेव जाधव यांनी ज्या क्षणी उचललं, त्या क्षणी पदकाचा किंवा बादशहाचा विचार कोणी करत नाही. आष्टी-चिमूरचे शहीद आणि सेनिओचा रनर, दोघांचीही नावं आपण घेऊ शकतो. एकाचा मान केल्यानं दुसऱ्याचा कमी होत नाही.

आपल्या गावातला जुना सैनिक शोधायचा असेल तर

कित्येक घरांत आजोबा-पणजोबा ‘लढाईवर गेले होते’ एवढीच आठवण उरली आहे. पेटीत एखादं पदक, एखादा पिवळा पडलेला कागद असतो. नातवाला त्याची किंमत कळत नाही आणि तो भंगारात जातो. तसं होऊ देऊ नका. मोबाईलवर बरंच शोधता येतं :

१. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्या जवानांची यादी ठेवते. तिच्या वेबसाईटवर नाव टाकून फुकट शोधता येतं. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला असतो. लक्षात ठेवा, जिवंत परत आलेल्यांची नावं इथं नसतात.

२. स्पेलिंग बदलून पाहा. इंग्रजांच्या काळात यवतमाळचं इंग्रजी स्पेलिंग आजच्यासारखं नव्हतं. ते ‘येवतमाळ’ असा उच्चार होईल असं लिहीत. वणीचं ‘वून’ करत. आपला भाग तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, म्हणून ‘बेरार’ या नावानंही शोधा. नामदेव जाधव यांचंच आडनाव इंग्रजी कागदांत दोन-तीन तऱ्हेनं लिहिलेलं सापडतं. त्यातली एक तऱ्हा, शेवटी ‘ए-ओ’ असलेली, आपल्याकडचे जाधव आजही वापरतात.

३. मराठा रेजिमेंटचं जुनं स्पेलिंग ‘महारट्टा’ असं होईल तसं आहे. तेही टाकून बघा.

४. पदक असेल तर त्याची कड भिंगातून पाहा. पुष्कळ जुन्या पदकांच्या कडेवर जवानाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात.

५. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा कागद असेल तर त्याचा साफ फोटो काढून ठेवा. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांच्या योजनांसाठी यवतमाळला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथं कागद घेऊन स्वतः जा. मध्ये एजंट नको.

६. इटलीत मृत्यू पावलेल्या आपल्या कित्येक जवानांचं दहन तिथंच झालं. त्यांची कबर नसते. अशांची नावं फोर्ली गावातल्या दहन स्मारकावर आणि कासिनोच्या स्मारकावर लिहिलेली आहेत. कबर सापडली नाही म्हणून नोंद नाही असं समजू नका.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी

फौजेत जायचं म्हणजे बंदूकच चालवायची, असं पुष्कळ पोरांना वाटतं. तोफखान्याचं सेंटर आपल्याच राज्यात नाशिक रोडला आहे, तोफखान्याची शाळा देवळालीला आहे. तिथं तोफ चालवणाऱ्यांच्या बरोबरीनं रेडिओ सांभाळणारे, हिशेब करणारे, गाडी चालवणारे जवान तयार होतात. दळणवळणासाठी तर १९११ पासून वेगळी सिग्नल कोअर आहे. तुमच्या वाट्याला कोणतं काम येईल ते तुमच्या हातात नसतं. मिळालेलं काम हलकं समजू नका. रनर हे कंपनीतलं दिसायला साधं काम होतं. त्या संध्याकाळी दोन कंपन्यांची वाट त्याच कामावरच्या माणसानं उघडली.

आणि मोबाईलवर पुढं पाठवताना एवढं करा : नाव नामदेव जाधव, गाव निमज, नदी सेनिओ, तारीख ९ एप्रिल १९४५. घाडग्यांची तारीख १० जुलै १९४४. दोघांचा मान वेगवेगळा ठेवा.